सातवीच्या वर्गाचा ब्लॉग: मुलं स्वतःचं का लिहीत नाहीत, आणि काय केलं तर लिहितील

मॅडम, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग, पट ३८. शाळेत एक लॅपटॉप, शिवाय तुमचा स्वतःचा फोन. जूनमध्ये वर्गाचा ब्लॉग काढलात, दिवाळीपर्यंत चाळीसेक पोस्ट झाल्या. पण सगळीकडे ‘माझा आवडता सण’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘झाडे लावा, झाडे जगवा’, आणि त्यातल्या काही तर इंटरनेटवरून जशाच्या तशा उतरवलेल्या. मुलांनी मनातलं लिहावं म्हणून कोणते विषय द्यावेत, असं तुम्ही विचारलंय. प्रत्येक पोस्टखाली मुलाचं पूर्ण नाव आणि गणवेशातला फोटो आहे, हेही तुम्ही सहज लिहून गेलात.

त्या फोटोंचं आधी बोलतो, कारण बाकी सगळं सोमवारपर्यंत थांबू शकतं, हे नाही. आज बसून सगळे फोटो काढा आणि आडनावं पुसा. नाव, आडनाव, शाळा आणि इयत्ता एकत्र आली की मुलाचा पत्ताच झाला. शिवाय आपल्याकडे आडनावावरून लोक जात आणि गावही ताडतात. मुलाचं लिखाण त्या चष्म्यातून वाचलं जायला नको. पहिलं नाव पुरे, आणि एकाच नावाची तीन मुलं असतील तर टोपणनाव. ते मुलांना स्वतः निवडू द्या, या वयात ते त्यांना फार आवडतं. चित्रं, वस्तू, झाडं, हातांचे फोटो चालतील. ते टाकण्यापूर्वी फोनच्या कॅमेऱ्याची लोकेशन नोंद बंद आहे ना ते बघा, नाहीतर फोटोच्या फाइलीत जागेचे अक्षांश-रेखांश बसतात.

आता मूळ मुद्दा. विषयांची यादी हवी तेवढी देता येईल, पण तेवढ्याने फरक पडणार नाही. मुलं निबंध लिहितात कारण त्यांना एकच वाचक माहीत आहे, लाल पेन घेतलेला. त्या वाचकाला काय आवडतं हे ती तिसरी-चौथीपासून शिकलेली असतात: सुरुवातीला सुविचार, मध्ये तीन मुद्दे, शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी…’. ब्लॉग जगाला दिसतो हे आपल्याला माहीत असतं, मुलाला ते जग दिसत नाही. त्याच्या लेखी वही गेली आणि स्क्रीन आली, तपासणाऱ्या मॅडम त्याच. म्हणजे तुमच्या ब्लॉगला वाचकच नाहीत, आणि वाचक नसताना कुणीही मनातलं लिहीत नाही, मोठी माणसंसुद्धा नाही.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे, ते आधीच सांगतो. आठवड्याला दोन तासिका या कामाला देता येत नसतील तर ब्लॉग बंद ठेवा आणि भित्तिपत्रक चालवा. ते कमी दर्जाचं आहे असं मी मानत नाही. मुख्याध्यापकांचा पाठिंबा नसेल तर पहिल्याच तक्रारीला सगळं गुंडाळावं लागेल. गाव लहान असेल, सगळी घरं एकमेकांना ओळखणारी असतील, तर शहरातल्या शाळेपेक्षा जास्त जपावं लागतं. आणि पाचवीच्या खालच्या वर्गांसाठी मी ब्लॉग सुचवतच नाही. मुख्याध्यापकांना हे खूळ वाटत असेल तर अकरावीचं मराठीचं पाठ्यपुस्तक, युवकभारती, दाखवा. त्यात उपयोजित मराठीत ‘अनुदिनी (ब्लॉग) लेखन’ आहे.

वही आधी, ब्लॉग नंतर

मी जी पद्धत वापरतो तिचं गणित सोपं आहे. आठवड्याला दोनदा वहीत लिहायचं, म्हणजे महिन्याला साधारण आठ कच्चे मजकूर. त्यातला एक, मुलाने स्वतः निवडलेला, ब्लॉगवर. ३८ मुलांच्या वर्गात आठवड्याला नऊ-दहा पोस्ट होतात. एवढ्याच वाचून होतात आणि एवढ्याच तुमच्याकडून टाकून होतात. आठवड्याला ३८ पोस्ट टाकायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही थकाल आणि मुलांना कळेल की आपलं कुणी वाचत नाही.

ही वही वेगळी ठेवा, शंभर पानी, गृहपाठाची नको. सोमवारची पस्तीस मिनिटं अशी वाटा: पाच मिनिटं प्रश्नावर गप्पा, पंधरा मिनिटं सलग लेखन, दहा मिनिटं शेजाऱ्याला वाचून दाखवणं, उरलेली पाच मिनिटं खूण करायला. पंधरा मिनिटांत पेन थांबवायचं नाही, शब्द अडला तर मोकळी जागा सोडून पुढे जायचं. ‘बाई, शुद्धलेखन?’ असं कुणी विचारलं तर ‘आज नाही’ एवढंच उत्तर द्यायचं. तुम्हीही त्याच प्रश्नावर त्याच वेळात लिहा आणि आधी तुमचं वाचा. तुमचं लेखन गुळगुळीत असेल तर मुलांचंही तसंच येईल.

खूण म्हणजे पानाच्या कोपऱ्यात एक अक्षर. ‘व’ म्हणजे हे वहीतच राहील. ‘ग’ म्हणजे वर्गात वाचायला हरकत नाही. ‘ब’ म्हणजे ब्लॉगवर चालेल. अक्षर मुलाने लिहायचं, नंतर बदलायचा हक्कही त्याचाच. माझ्या मते साऱ्या उपक्रमात सगळ्यात जास्त काम हे एक अक्षर करतं. सगळंच प्रसिद्ध होणार हे माहीत असताना मूल सणावरच लिहितं. हे कुठेही जाणार नाही हे माहीत असताना घरातलं, भीतीचं, रागाचं लिहून बघतं. आणि एकदा तसं लिहायची सवय लागली की त्यातलं काही आपण होऊन ‘ब’कडे सरकतं. पहिल्या महिन्यात निम्म्याहून जास्त पानांवर ‘व’ दिसलं तर काळजी करू नका, ते चांगलं लक्षण आहे.

मात्र ‘व’चं पान तुम्ही वाचणार की नाही, हे पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा. मी सांगतो ते असं: मी वाचीन, कुणाला दाखवणार नाही, पण कुणी तुला इजा करतंय असं मला वाटलं तर मी गप्प बसणार नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नका. ते का, ते खाली येतं.

प्रश्न कसा विचारायचा

‘आवडता’, ‘महत्त्व’, ‘फायदे’, ‘माझ्या स्वप्नातील’ हे शब्द विषयात आले की निबंध आलाच. चांगल्या प्रश्नाची कसोटी अशी की त्याचं उत्तर त्या मुलाशिवाय दुसऱ्या कुणालाच देता येऊ नये. त्यात एखादी वस्तू, जागा किंवा वेळ असावी. थोडे नमुने देतो: घरातली कोणती वस्तू मोडलीय, पण कुणी टाकून देत नाही? शाळेत येताना तू वाटेत कुठे थांबतोस? गेल्या आठवड्यात राग आला आणि बोलून दाखवता आला नाही, तेव्हा काय केलंस? रात्री दिवे गेले की तुमच्या घरात आधी कोण बोलतं? वर्गातला कोणता नियम तुला पटत नाही?

विषय दिला की काम संपत नाही, खरं काम दुसऱ्या फेरीत होतं. समजा एका मुलाने लिहिलं:

‘आमच्या गावी दरवर्षी जत्रा भरते. तेथे खूप दुकाने असतात. पाळणे असतात. मी मित्रांसोबत गेलो. खूप मजा आली. जत्रा आपली संस्कृती आहे.’

यावर ‘सविस्तर लिही’ असा शेरा दिला की दुकानांची यादी येते. त्याऐवजी समासात एकच प्रश्न लिहायचा: ‘जत्रेत तू सगळ्यात जास्त वेळ कुठे उभा होतास?’ मग असं काहीतरी येतं:

‘मी मौत का कुआच्या जिन्याखाली उभा होतो. तिकीट चाळीस रुपये होतं, माझ्याकडे तीस. वरून गाडीचा आवाज यायचा आणि फळ्या हलायच्या. धूळ खाली पडायची. दाद्या वरून आला आणि म्हणाला, काही खास नव्हतं. पण त्याचे हात थरथरत होते.’

दुसऱ्या मजकुरात मुलाने ‘मला वाईट वाटलं’ असं कुठेच म्हटलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. ‘मजा आली’, ‘संस्कृती आहे’ ही वाक्यं आपोआप गळाली, ती आपल्याला खोडावी लागली नाहीत. समासातल्या प्रश्नाचा नियम एवढाच की तो डोळ्यांना, कानांना किंवा हातांना विचारलेला असावा: कुठे, किती वेळ, कशाचा आवाज, कोण काय म्हणालं. ‘तुला काय वाटलं?’ हा प्रश्न सुरुवातीला टाळा. त्याचं ठरलेलं उत्तर मुलांकडे तयार असतं.

एका मजकुराला एकच प्रश्न. तीन विचारले तर मूल तिन्हींची उत्तरं खाली क्रमांक घालून देतं, स्वाध्याय सोडवल्यासारखी.

वाचक कुठून आणायचे

गुरुवारची तासिका वाचनाची. लॅपटॉपला प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडता येत असेल तर उत्तम, नाहीतर त्या आठवड्याच्या पोस्ट छापून पाच गटांत फिरवा. प्रत्येक मुलाने आठवड्याला दोन प्रतिक्रिया लिहायच्या. म्हणजे ७६ प्रतिक्रिया, एका पोस्टला सात-आठ. प्रतिक्रियेचे दोन भाग: पोस्टमधलं मनात राहिलेलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि लिहिणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा. पहिला महिना ‘छान’, ‘मस्त’, ‘सुंदर’ आणि अंगठ्याची खूण यांना बंदी. बंदी नसेल तर ७६ पैकी सत्तर ‘खूप छान’ येतात, आणि ज्याला ते मिळतं त्याला माहीत असतं की समोरच्याने वाचलेलं नाही.

तुमची प्रतिक्रिया सगळ्यात शेवटी. मॅडम आधी बोलल्या की वर्गात दुसरं मत उरत नाही. आणि ती मजकुराबद्दल असावी, मुलाबद्दल नको: ‘फळ्या हलायच्या इथे मी थांबले’ हे चालेल, ‘हुशार मुलगा आहेस’ हे नको.

वर्गाबाहेरचा वाचक मिळाला की लेखनाचा नूर बदलतो. मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो दुसऱ्या तालुक्यातला सातवीचा एक वर्ग. तिथल्या शिक्षकांशी बोलून जोड्या लावा. महिन्यातून एकदा त्या वर्गाने आपल्या पोस्टवर प्रश्न विचारायचे आणि आपण त्यांच्या. कोकणातल्या मुलाला विदर्भातलं मूल ‘तुमच्याकडे विहिरीला एवढं पाणी कसं?’ असं विचारतं तेव्हा त्याला प्रथमच कळतं की आपल्या रोजच्या गोष्टीत सांगण्यासारखं काही आहे. पालकांना लिंक पाठवून सोडू नका, ‘यातलं एक वाक्य निवडून मुलाला आज सांगा’ एवढं काम द्या. ज्या घरात वाचणारं कुणी नाही तिथे मुलाने स्वतःच्या आवाजात वाचून ते आजीला ऐकवायचं.

ब्लॉगवरचे वाचनसंख्येचे आकडे आणि ‘लोकप्रिय पोस्ट’ची चौकट आधी काढून टाका. नाहीतर मुलं लेखन सोडून आकडे मोजतात, आणि मामाकडून पन्नास वेळा पान उघडवून घेतात.

भाषा किती सुधारायची

इथे शिक्षकांचा जीव सगळ्यात जास्त अडकतो. माझी रेघ अशी: वाचकाचा अर्थ चुकेल ती चूक दुरुस्त करायची, बाकी नाही, आणि तीही मुलाकडून. एका पोस्टला एकाच प्रकारची दुरुस्ती. या महिन्यात पूर्णविराम, पुढच्या महिन्यात संवादाची अवतरणचिन्हं, त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घातले ठरावीक शब्द. सगळं एकदम सुधारून दिलंत तर पोस्ट शुद्ध होते आणि ती तुमची होते.

बोली ही चूक नाही. घरातलं बोलणं लिहिताना ‘माका’, ‘मले’, ‘मन्ही माय’ असंच यायला हवं. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही सुरुवातीला सोपी वाट आहे. काही मुलं पुढे अख्खी पोस्ट बोलीत लिहितात, लिहू द्या. अवघड शब्दांचे अर्थ खाली द्यायला त्यालाच सांगा. ज्यांच्या घरची भाषा पावरी, गोंडी किंवा बंजारा आहे ती मुलं मराठीच्या तासाला वर्षानुवर्षं गप्प असतात. त्यांना पहिला मजकूर घरच्या भाषेत देवनागरीत लिहायला सांगा आणि मित्राच्या मदतीने मराठीत आणू द्या. दोन्ही शेजारी शेजारी छापा.

टंकलेखनातल्या अडचणी

शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून मजकूर ब्लॉगवर चिकटवला की भलतीच अक्षरं दिसतात, कारण ते फॉन्ट युनिकोड (कुठल्याही यंत्रावर तीच अक्षरं दाखवणारी पद्धत) नाहीत. सगळं युनिकोडमध्येच टाइप करायचं: फोनवर जीबोर्डचा मराठी कळफलक, लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी. ‘कॅमेऱ्याची’, ‘दुसऱ्या’ यातला अर्धा र बऱ्याच जणांना सापडत नाही आणि ‘कॅमेर्याची’ छापलं जातं. त्यासाठी साध्या ‘र’ऐवजी खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा आणि मग हलन्त. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट दाबून ‘र’च्याच कळीवर असतो.

नवशिक्या मुलाला शंभर शब्द टाइप करायला अख्खी तासिका लागते. म्हणून पोस्टची मर्यादा १२० ते १५० शब्द ठेवा, ती लेखनालाही चांगली असते. दर आठवड्याला चार टंकलेखक नेमा, आपलं आणि आणखी एकाचं त्यांनी टाइप करायचं. उरलेल्या एक-दोन मधल्या सुट्टीत होतात. बोलून टाइप करायची सोय मोहात पाडते, पण ती विरामचिन्हं गाळते आणि बोलीतले शब्द प्रमाण मराठीत किंवा चक्क हिंदीत ओढते. वापरलीत तर नंतर वहीशी शब्द न् शब्द पडताळायला लावा. ज्याला टाइप करणं अजिबात जमत नाही त्याच्या वहीच्या पानाचा स्वच्छ फोटो टाका. अक्षर हीही त्याची ओळखच आहे.

ऊसतोडीला पालकांबरोबर गेलेली मुलं तुमच्या पटावर असतील तर त्यांना या उपक्रमातून वगळू नका. दसरा-दिवाळीपासून ती शाळेत दिसत नाहीत, पण फडावर कुणाचा तरी फोन असतोच. आठवड्याला दोन मिनिटांचा आवाजी निरोप मागवा, इथल्या मित्राने तो उतरवून घ्यायचा आणि पाठवणाऱ्याला परत वाचून दाखवायचा. शाळेशी त्यांचा धागा राहतो आणि इथल्या वर्गाला खरंखुरं वाचायला मिळतं.

उतरवलेलं आणि एआयने लिहिलेलं

आता फक्त गूगल राहिलं नाही. घरच्या फोनवर व्हॉट्सॲपमध्येच एआय बसलेलं आहे, ‘पाऊस या विषयावर दहा ओळी’ म्हटलं की दहा ओळी येतात. त्या पकडत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. पकडणारी साधनं मराठीच्या बाबतीत भरवशाची नाहीत, आणि मुलाने स्वतः छान लिहिलेलं असताना त्याच्यावर आळ आला तर ते पुन्हा लिहीत नाही. कच्चा मजकूर वर्गातच, हाताने, पंधरा मिनिटांत झालेला असेल तर हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. तरी कुणाचं संशयास्पद वाटलं तर आरोप करण्याऐवजी तोच समासातला प्रश्न विचारा: ‘पाऊस आला तेव्हा तू कुठे होतास, पायात काय होतं?’ उत्तर लिहून झालं की आधीच्या दहा ओळी मूल बहुधा स्वतःच खोडतं.

ब्लॉगची मांडणी आणि संमती

सातवीची मुलं बारा-तेराची असतात आणि गूगल खात्यासाठी आपल्याकडे किमान वय १३ आहे. मुलांची खाती काढायची गरजच नाही. वर्गाचं एक खातं, तुमच्या खासगी खात्यापासून वेगळं. त्यावर मुख्याध्यापक किंवा दुसरे एक शिक्षक यांना दुसरे ॲडमिन करा. तुमची बदली झाली आणि पासवर्ड तुमच्याबरोबर गेला तर ब्लॉग बेवारस होतो. आणि दोन वर्षं कुणी फिरकलंच नाही तर गूगल ते खातं काढून टाकू शकतं.

ब्लॉगर या गूगलच्या सेवेवर ब्लॉग पूर्ण खासगी करता येतो, पण मग वाचकांना एकेक करून ई-मेलने बोलवावं लागतं, त्यालाही मर्यादा आहे, आणि आपल्या पालकांपैकी ई-मेल उघडणारे थोडे. व्यवहारात जमतं ते असं: ब्लॉग उघडा, पण सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखालचं सर्च इंजिनला दिसण्याचं बटण बंद, आणि लिंक फक्त पालकांच्या गटात व जोडीच्या वर्गाला. हे कुलूप नव्हे हे लक्षात ठेवा, लिंक पुढे गेली तर कुणीही वाचू शकतो. म्हणून ‘ब’ खुणेच्या पोस्टवरही तुमची एक नजर हवी. प्रतिक्रिया नेहमी तपासूनच दिसतील अशी सोय ठेवा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे, आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायद्याचं सोडलं तरी संमतीपत्र घ्याच. अर्ध्या पानाचं, साध्या मराठीत: काय प्रसिद्ध होईल, काय कधीच होणार नाही, कोण वाचेल, आणि कोणतीही पोस्ट सांगितल्यापासून एका दिवसात काढली जाईल. पालकसभेत ते मोठ्याने वाचा, मग सही घ्या. सही नसलेल्या मुलाने लिहायचं तेवढंच, फक्त त्याचं भिंतीवर लागेल.

अडचणीचे मजकूर

तीन प्रकार हमखास येतात.

पहिला घरातला: वडिलांचं पिणं, कर्ज, भांडण. मुलाने ‘ब’ लिहिलं असलं तरी हा मजकूर ब्लॉगवर घालू नका. त्याला एकट्याला बोलवून सांगा की लेखन चांगलं आहे, पण यात दुसऱ्या माणसाची गोष्ट आहे आणि गाव ती वाचेल. त्याला हवं असेल तर नावं-नाती बदलून ती कथा म्हणून लिहिता येते. ही सूचना बरीच मुलं उचलतात, आणि त्यांच्या चांगल्या कथा अशाच तयार होतात.

दुसरा जास्त गंभीर. मजकुरातून लैंगिक अत्याचार दिसला किंवा तसा संशय आला तर ही लेखनाची बाब राहत नाही. पॉक्सो कायदा, २०१२च्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाला खोदून खोदून विचारू नका, पान फाडू नका, शिक्षकांच्या खोलीत चर्चा करू नका. मारहाण, उपासमार, ठरत असलेला बालविवाह, जीव द्यायची भाषा दिसली तरीही त्याच दिवशी हालचाल करा. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास असते. पहिल्या दिवशी मुलांना सांगितलेलं ते शेवटचं वाक्य यासाठीच होतं. ते सांगितलेलं असलं की मुलाला आपला विश्वासघात झाला असं वाटत नाही.

तिसरा शाळेबद्दलचा: नळाला पाणी नाही, सर तासाला येत नाहीत, खिचडीत खडे. इथे मोठ्यांची परीक्षा होते. नळाबद्दलची तक्रार सहन होणार नसेल तर या उपक्रमाला आत्मप्रकटन म्हणू नये. मुख्याध्यापकांशी आधीच ठरवून घ्या: तक्रारीच्या पोस्टमध्ये माणसाचं नाव नसेल, कोणता नळ, कधीपासून, कुणाला सांगितलं हे असेल, आणि प्रसिद्ध होण्यापूर्वी त्यांना दोन दिवस मिळतील. त्यांनी खाली उत्तर लिहावं, पोस्ट अडवू नये. दोन दिवसांत नळ दुरुस्त झाला तर मूल शेवटी एक ओळ वाढवतं.

गुण आणि नोंदी

मनातल्या लेखनाला गुण देऊ नका. दिलेत की पुन्हा सुविचार सुरू. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात उपक्रमाखाली नोंद घ्यायची असेल तर ती कामाची घ्या: किती मजकूर लिहिले, किती प्रतिक्रिया दिल्या, स्वतःचा मजकूर एकदा तरी पुन्हा लिहिला का. वर्णनात्मक नोंदीसाठी मुलाची पहिली आणि सहावी पोस्ट शेजारी ठेवा. अधिकारी भेटीला आले तर तेच दाखवा.

आता तुमच्या वर्गापुरता क्रम. आज फोटो आणि आडनावं, या आठवड्यात सेटिंग्ज. पुढचे चार आठवडे ब्लॉगवर नवीन काहीच नको, फक्त वही, खुणा आणि गुरुवारचं वाचन. त्याच काळात पालकसभा घ्या आणि जोडीचा वर्ग शोधा. पाचव्या आठवड्यात पहिल्या नऊ पोस्ट.

जुन्या चाळीस पोस्टचं काय, हा प्रश्न राहतो. उतरवलेल्या काढून टाका, गाजावाजा न करता. बाकीच्या मुलांना वाचायला द्या आणि विचारा, यातलं कोणतं वाक्य फक्त तूच लिहू शकला असतास? सगळ्या पोस्टमध्ये मिळून अशी दहा-बारा वाक्यं निघतील. कुणाच्या ‘पावसाळ्यातील एक दिवस’मध्ये छपराखाली ठेवलेलं पातेलं असेल, कुणाच्या दिवाळीत न आलेला काका. त्या वाक्यापासून नवीन वहीचं पहिलं पान लिहायला लावा, म्हणजे पहिल्या सोमवारी तुम्हाला वेगळा प्रश्न शोधावा लागणार नाही.